उभ्या आसाच्या चाकाचा भार आणि बेअरिंगची निवड : एक ऐतिहासिक आढावा (१८३७–१९१२)

प्रस्तावना :
उभ्या आसावर आडवे फिरणारे चाक जलशक्ती व बाष्पशक्ती या दोहोंच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले. अशा चाकाचा सर्व भार एकाच बेअरिंगवर येतो. वेग वाढला की घर्षणाने उष्णता वाढते आणि बेअरिंग निकामी होते. हा आधार निवडण्याची दृष्टी कशी बदलत गेली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वेगाचे आव्हान :
बेन्वा फूर्नेरॉन या फ्रेंच अभियंत्याचे १८३७ चे सेंट ब्लाझियन येथील जल टर्बाइन मिनिटाला सुमारे २,३०० फेरे घेत असे. त्याचे चाक जेमतेम एक फूट व्यासाचे होते. तरीही त्यापासून सुमारे ६० अश्वशक्ती मिळे. एवढ्या वेगात तळाच्या टोकाशी वंगण टिकवणे ही मुख्य अडचण होती.

१९०३ मध्ये शिकागोच्या फिस्क स्ट्रीट वीजकेंद्रात ५,००० किलोवॅटचे उभे कर्टिस बाष्प टर्बाइन सुरू झाले. त्याच्या तळाच्या दोन तबकड्यांमध्ये पंपाने दाबयुक्त द्रव सोडून फिरता भाग उचलून धरला जाई. हा उपाय प्रभावी होता. परंतु पंप बंद पडताच आधारही नाहीसा होत असे.

तत्त्वाचा शोध :
१८८३ मध्ये बोशॅम्प टॉवर यांना प्रयोगात असे आढळले की, फिरणारा आस तेलात स्वतःच दाब निर्माण करतो. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याची गणिती मीमांसा केली. तेलाचे पटल पाचरीसारखे निमुळते असेल, तर गतीमुळेच भार तोलला जातो. मात्र दोन सपाट, समांतर तबकड्यांमध्ये अशी पाचर तयार होत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियात ए. जी. एम. मिशेल आणि अमेरिकेत अल्बर्ट किंग्जबरी यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, स्थिर तबकडीऐवजी किंचित कलू शकणारे सुटे खंड योजले. मिशेल यांना १९०५ मध्ये, तर किंग्जबरी यांना १९१० मध्ये पेटंट मिळाले.

होल्टवुडची कसोटी :
पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहॅना नदीवरील होल्टवुड जलविद्युत केंद्रात रोलर बेअरिंगे अल्पावधीत झिजत. १९१२ मध्ये तेथे किंग्जबरी यांचे ४८ इंच व्यासाचे बेअरिंग बसवण्यात आले. त्यावर सुमारे २०० टन भार होता. वेग मात्र मिनिटाला केवळ ९४ फेरे होता. प्रारंभीच्या अपयशानंतर ते यशस्वी ठरले व अनेक दशके कार्यरत राहिले. १९८७ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सने त्यास ऐतिहासिक अभियांत्रिकी वारसा म्हणून मान्यता दिली.

निष्कर्ष :
धातू अधिक कठीण असावा की रोलर अधिक असावेत, हा प्रश्न मागे पडून तेलाचे पटल कशाने टिकेल, हा निवडीचा निकष ठरला. टॉवर यांचे निरीक्षण व होल्टवुडचे यश यांत २९ वर्षांचे अंतर आहे. सिद्धान्त उपलब्ध असूनही तो भार वाहणाऱ्या यंत्रात उतरण्यास कारागिरी, चाचणी व चिकाटी यांची जोड आवश्यक असते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. मोठ्या उभ्या जलविद्युत संचांना आजही याच तत्त्वाचा आधार आहे.