ट्रायसेमचा हिशेब

ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची ‘ट्रायसेम’ योजना १५ ऑगस्ट १९७९ रोजी सुरू झाली. १८ ते ३५ वयाच्या गरीब तरुणांना धंदा शिकवायचा, शिकताना विद्यावेतन द्यायचे आणि पुढे एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून कर्ज व अनुदान मिळवून द्यायचे, अशी तिची रचना होती. अनुसूचित जाती-जमातींचा वाटाही राखून ठेवला होता. हेतू चांगला होता. घोडे अडले ते नियोजनात.

वर्षाला २ लाख तरुण, म्हणजे प्रत्येक विकास गटात ४०, हा आकडा वरून ठरला. बागायती पट्टा असो की दुष्काळी माळ, आकडा तोच! त्या भागात कोणत्या मालाला गिऱ्हाईक आहे, हे आधी पाहायला हवे होते. दलिताच्या हातचा माल गाव घेईल काय, हेही पाहायला हवे होते. जात सोडून बाजाराचा अंदाज बांधणाऱ्याचा हिशेब अर्धाच राहतो.

मूल्यमापनाचेही तेच. प्रशिक्षण संपले की तरुण उद्दिष्टाच्या रकान्यात जमा होई. शिवणकाम शिकलेला पोरगा दोन वर्षांनी यंत्रावर बसला आहे की पुन्हा ऊसतोडीला गेला, हे त्या रकान्यात दिसत नसे.

१ एप्रिल १९९९ रोजी ट्रायसेम स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाली. योजनांची नावे बदलत राहतील. कार्यकर्त्यांनी मात्र प्रत्येक नव्या योजनेला विचारले पाहिजे: शिकलेल्यांपैकी कमावते किती झाले? आणि जे मागे राहिले, ते कोणत्या वस्तीतले?