असीमा चटर्जी आणि वनौषधींचे रसायन

आयुर्वेदाला शतकानुशतके परिचित असलेल्या वनस्पतींमध्ये गुणकारी द्रव्य नेमके कोणते, याचा शोध आधुनिक रसायनाच्या कसोट्यांवर घेण्याचे काम विसाव्या शतकात भारतातील ज्या मोजक्या प्रयोगशाळांनी चिकाटीने केले, त्यांत कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयातील असीमा चटर्जी (१९१७–२००६) यांच्या प्रयोगशाळेचे स्थान फार वरचे आहे. वनस्पतींविषयीची ओढ त्यांना डॉक्टर असलेल्या वडिलांकडून मिळाली. १९३८ साली एम.एससी. झाल्यावर त्यांनी प्रफुल्लकुमार बोस यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन सुरू केले, १९४० मध्ये लेडी ब्रेबॉर्न महाविद्यालयात रसायन विभागाची उभारणी केली आणि १९४४ मध्ये विद्यापीठाची डी.एससी. पदवी मिळवली. १९४७ नंतरची काही वर्षे अमेरिकेत आणि झुरिक येथे नोबेलविजेते पॉल कारर यांच्याकडे काढून त्या परतल्या. १९५४ मध्ये त्या विज्ञान महाविद्यालयात प्रपाठक झाल्या आणि १९६२ पासून दोन दशके त्यांनी तेथील खैरा अध्यासन भूषवले.

त्यांच्या संशोधनाचा मोठा भाग अल्कलॉइडांविषयी होता. अल्कलॉइडे म्हणजे वनस्पतींत आढळणारी, नायट्रोजनयुक्त आणि बहुधा आम्लारिधर्मी संयुगे. त्यांपैकी अनेकांचा शरीरावर अल्प मात्रेतही तीव्र परिणाम होतो. मूळ किंवा साल वाळवून दळायची, द्रावकात भिजवून अर्क काढायचा, आम्लाच्या साहाय्याने अल्कलॉइडे पाण्यात उतरवायची, पुन्हा मोकळी करून एकमेकांपासून वेगळी करायची आणि शुद्ध स्फटिक हाती आल्यावर त्याच्या रेणूची रचना ठरवायची, असा हा दीर्घ क्रम असे. त्यांच्या उमेदीच्या काळात रचनानिश्चितीसाठी आजची उपकरणे येथे नव्हती. रेणूचे ओळखता येतील असे तुकडे पाडून मूळ आकृतीचा अंदाज बांधावा लागे, आणि काही विश्लेषणे तर पदरचे पैसे मोजून परदेशातून करून आणावी लागत. अशा परिस्थितीत सर्पगंधेच्या वर्गातील अजमॅलिसीन आणि सार्पाजीन यांसारख्या अल्कलॉइडांच्या त्रिमितीय रचनेवर, म्हणजे रेणूतील अणूंच्या अवकाशातील मांडणीवर, त्यांनी केलेले काम हे त्यांच्या कर्तृत्वाचे खरे शिखर मानले पाहिजे.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की लोकप्रिय लेखनात सदाफुलीपासून मिळालेल्या कर्करोगावरील औषधांचे श्रेय पुष्कळदा त्यांना दिले जाते. वस्तुतः त्यांपैकी व्हिनब्लास्टीन हे द्रव्य १९५० च्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी वेगळे केले. असीमा चटर्जींचे या वर्गातील संयुगांवरचे संशोधन मोलाचे आहेच, आणि त्यांच्या थोरवीला उसन्या श्रेयाची गरज नाही. औषधनिर्मितीतही त्यांचा स्वतःचा वाटा स्पष्ट आहे: सुनिषण्णक आणि जटामांसी यांवर आधारलेले ‘आयुष-५६’ हे अपस्मारावरील औषध, तसेच सातवीण, कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोटा यांपासून बनवलेले हिवतापावरील औषध त्यांच्या प्रयत्नांतून साकारले.

नेतृत्वाचा विचार करताना पदांपेक्षा त्यांनी उभ्या केलेल्या व्यवस्थेकडे पाहणे अधिक योग्य ठरते. नैसर्गिक संयुगांच्या रसायनाचे अध्यापन आणि संशोधन बळकट करण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७२ मध्ये आखलेल्या विशेष कार्यक्रमाच्या त्या मानद समन्वयक होत्या. ‘भारतीय वनौषधि’ या बंगाली ग्रंथाच्या सहा खंडांचे संपादन त्यांनी केले. आणि कलकत्त्याच्या सॉल्ट लेक भागात वनौषधींचे संशोधन व आयुर्वेदिक रुग्णालय एकत्र नांदेल अशी संस्था केंद्र आणि राज्य सरकारांच्या सहकार्याने उभी राहावी, यासाठी त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. १९१४ पासून भरत आलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्षपद स्त्रीकडे प्रथम आले ते १९७५ मध्ये, त्यांच्या रूपाने; त्याच वर्षी त्यांना पद्मभूषणही मिळाले. पुढे १९८२ ते १९९० या काळात त्या राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य होत्या.

या सन्मानांमुळे विज्ञानक्षेत्रातील स्त्रियांची वाट लगेच रुंद झाली असे मात्र म्हणता येत नाही. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार असीमा चटर्जींना रसायनविज्ञानासाठी १९६१ मध्ये मिळाला. त्याच विषयात हा पुरस्कार मिळवणाऱ्या दुसऱ्या स्त्रीचे, चारुसीता चक्रवर्ती यांचे, नाव जाहीर व्हायला २००९ साल उजाडावे लागले.