ढेकूण, डीडीटी आणि भागाकारातले शून्य



दिवाळीत नातू पुण्याहून नाशिकला आला होता. फराळ सोडला तर सगळा वेळ लॅपटॉपसमोर. शेवटी मी विचारलेच, "अरे, करतोस तरी काय?" म्हणाला, "आजी, बग शोधतोय. डीबगर लावलाय." आम्हाला बग म्हणजे ढेकूण, आणि ढेकणावर उपाय म्हणजे उकळते पाणी! पण त्याने समजावले ते मनात बसले. मग मी बरेच वाचून काढले. त्यातले थोडे तुमच्यासाठी.

यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची रीत जुनी, एडिसनही तसे म्हणत असे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ संगणकाच्या रिलेत खराखुरा पतंग सापडला आणि तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. पण पतंग निदान डोळ्यांना दिसतो. माणसाने लिहिलेल्या सूचनांतली चूक दिसत नाही. केंब्रिजमध्ये १९४९ साली मॉरिस विल्क्स यांना जाणवले की उरलेल्या आयुष्यातला बराच काळ आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार. त्यांचे सहकारी स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली त्यावर निबंध लिहिला. युक्ती अशी की एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला एकेक सूचना पाळायला लावायची आणि काय घडले ते छापत जायचे.

पुढे अमेरिकेत एमआयटीच्या मुलांनी अशा साधनांना कीटकनाशकांची नावे दिली. आधी फ्लिट, मग १९६१ साली डीडीटी! मला हसूच आले. १९५३ साली मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाल्यावर गावोगाव डीडीटी फवारायला माणसे येत. भिंतींवरचे ते पांढरे डाग आमच्या पिढीला आठवत असतील.

मात्र डीबगर फवारत काही नाही, तो थांबवतो. जिथे शंका असेल तिथे खूण करायची. प्रोग्रॅम तिथवर आला की उभा राहतो. मग कोणत्या खणात कोणता आकडा आहे ते पाहायचे, आणि एकेक पायरी पुढे न्यायचे. उत्तर कुठे चुकले हे नव्हे, पहिले पाऊल कुठे चुकले हे कळते.

आता यातला आपल्या पुण्याचा भाग. लिनक्सच्या गाभ्यातच चूक असेल तर? गाभा थांबला की सगळे यंत्र थांबते, मग तपासणार कोण? म्हणून दोन संगणक केबलने जोडतात. एक रोगी, दुसरा वैद्य. लिनक्ससाठी हे काम करणारे केजीडीबी नावाचे साधन २००० ते २००४ अमित काळे यांनी सांभाळले आणि नंतर २००६ पर्यंत पुण्याच्या लिनसिससॉफ्ट कंपनीने. ते मूळ लिनक्समध्ये नव्हते, बाहेरून जोडावे लागे. म्हणजे लिनक्स बदलले की जोडकाम पुन्हा जुळवणे आले. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००० साली स्पष्टच लिहिले होते की आपल्याला डीबगर आवडत नाहीत. असे साधन हाताशी असले की लोक मुळाशी न जाता वरवर मलमपट्टी करतात, असा त्यांचा रोख. शेवटी २००८ साली २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबीचे आटोपशीर रूप आत आले. तोवर ते दुसऱ्यांच्या हाती गेले होते.

खरे सांगू? नोकरीत असताना मला विचारले असते तर मी टोरवाल्ड्स यांचीच बाजू घेतली असती. मी बी.ए., पण पाचवीचे गणित बरीच वर्षे माझ्याकडे होते. एका मुलाचे भागाकार नेहमी चुकत. मी उत्तर पाहून लाल फुली मारी आणि खाली लिही, "लक्ष देऊन कर." विचार केला की येईल, ही माझी समजूत. पुढल्या वर्षी दुसऱ्या एका मुलाला सहकारी बाईंनी फळ्यावर मोठ्याने बोलत भागाकार करायला लावला. ६१२ भागिले ६. सहा एके सहा. एक खाली घेतला. सहाचा भाग जात नाही, म्हणून लगेच दोन खाली घेतला. उत्तर १२! बाईंनी त्याला मधेच थांबवले आणि म्हणाल्या, "भाग गेला नाही तर वर काय लिहायचे?" शून्य द्यायचे राहिले होते. १०२ यायला हवे होते.

मी घरी येऊन आदल्या वर्षीच्या त्या मुलाची वही आठवू लागले. त्याचीही उत्तरे अशीच एका आकड्याने तोकडी असत. पण तो तोवर शाळा सोडून द्राक्षबागेत कामाला लागला होता. लक्ष त्याचे नव्हते की माझे, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

असो. वाचकांत कोणी शिक्षक असाल, किंवा घरी नातवंडांचा अभ्यास घेत असाल, तर एवढे करा. फुली मारण्याआधी त्याला एक गणित मोठ्याने सोडवायला सांगा, आणि चुकेल तिथेच थांबवा.