तळटीप : ‘थर एकमेकांवर ठेवले असता’

* लेखकाने हे अर्ध्या वाक्यात उरकले आहे. पुढच्या प्रकरणातला वाद मात्र इथेच सुरू होतो. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने २०१३च्या अहवालात गाव हे एकक धरले. नकाशाच्या एका थरात उपग्रहचित्रांच्या आधारे ठरवलेले पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र, दुसऱ्यात गावांच्या हद्दी. अशा वेळी संगणक दोन्ही थरांना समाईक असलेला तुकडा कापून काढतो (क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत या आज्ञेचे नाव ‘इंटरसेक्शन’). त्याच्या क्षेत्रफळाला गावाच्या एकूण क्षेत्रफळाने भागायचे. उत्तर २० टक्के किंवा अधिक आले, की अख्खे गाव संवेदनशील गावांच्या यादीत, मग उरलेल्या जमिनीत भातखाचरे का असेनात! त्याआधी गाडगीळ समितीने (२०११) साधारण ९ किलोमीटर बाजूचे चौकोन धरले होते. चौकोनाला गावची शीव कळत नाही, हे खरे. पण गावाच्या शिवेलाही जंगल कळत नाही.

मोजणीत दोन खोड्या नेहमीच्या. थर अक्षांश-रेखांशांत ठेवूनच साधा हिशेब केला, तर क्षेत्रफळ चौरस अंशांत येते. हेक्टर हवे असतील तर आधी योग्य प्रक्षेपण हवे (सह्याद्रीसाठी बहुधा यूटीएमचा ४३ उत्तर पट्टा). दुसरी खोडी अधिक चिवट. वेगवेगळ्या हातांनी रेखलेली एकच हद्द दोन थरांत तंतोतंत जुळत नाही आणि कडेकडेने बारीक चिरफळ्या निघतात. त्या ठेवायच्या की गाळायच्या, हे माणूसच ठरवतो. पंचवीस टक्क्यांच्या गावाला त्याने फरक पडत नाही, काठावरच्याला पडू शकतो. — संपा.