वडोदऱ्याचा कट्टा आणि वेफेअररची कसोटी

पोकेमॉन गो खेळातले पोकेस्टॉप, म्हणजे नकाशावरचे थांबे, कुणी शहरे पालथी घालून ठरवलेले नाहीत. नायँटिक कंपनीचा इनग्रेस हा आधीचा खेळ २०१२ साली आला. त्याच्या खेळाडूंनी पोर्टल म्हणून सुचवलेली देवळे, पुतळे, कारंजी २०१६ मध्ये पोकेमॉन गोला आयतीच मिळाली. २०१९ पासून अशा सुचवलेल्या जागांची छाननी वेफेअरर या व्यवस्थेतून होते. खेळाडू वस्तूचा आणि परिसराचा फोटो, नाव, वर्णन व समर्थन पाठवतो. निकाल इतर खेळाडू देतात, काही वेळा यंत्रही देते.

पात्रतेच्या वाटा तीन: जागा हिंडून पाहण्याजोगी असावी, व्यायामाची असावी किंवा लोक जमण्याची असावी. तिसरी वाट सर्वांत सोपी वाटते, आणि तीच सर्वांत फसवी आहे. जमणे ही क्रिया आहे. नकाशावरची टाचणी मात्र वस्तूलाच लागते. म्हणून परीक्षक प्रत्यक्षात गर्दी मोजत नाही. तिथे कायमची, डोळ्यांना दिसणारी, पायी गाठता येणारी आणि खाजगी घराच्या आवाराबाहेरची वस्तू आहे का, हे तो आधी पाहतो.

वडोदऱ्यात ही कसोटी लावली की गंमत दिसते. गणेशोत्सवात दांडिया बाजार आणि रावपुरा रात्रभर जागतात, पण मंडप तात्पुरता, म्हणून बाद. नवरात्रातल्या गरब्याच्या मंडपाचेही तेच. पोळातल्या, म्हणजे दाट गल्लीवस्तीतल्या, घराचा ओटला (ओटा) म्हणजे जुन्या शहराची खरी बैठक. तो खाजगी घराचा भाग ठरतो, बाद. त्याच पोळाच्या चौकातला कबुतरांचा चबुतरा मात्र सार्वजनिक जागेत उभा असेल तर पात्र, मग त्याच्याखाली माणसे जमोत वा फक्त कबुतरे. शाळेचे आवार नियमाने वर्ज्य आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाला ती आडकाठी नाही. चहाची टपरी नियमात बसू शकते, पण दूरच्या गावातल्या परीक्षकाला फोटोत दिसते ती कुठलीही टपरी. तिथे कोण जमते, कशासाठी जमते, हे समर्थनात पटवून द्यावे लागते. ‘येथे खूप लोक येतात’ हे वाक्य मात्र पुरावा नव्हे. बसस्टँडवरही खूप लोक येतात.

मराठी वडोदऱ्याचे नशीब असे की त्याच्या बऱ्याच बैठका संस्थेच्या रूपात उभ्या आहेत. १८८० मध्ये स्थापन झालेले जुम्मादादा व्यायाम मंदिर, ज्याचा लौकिक पुढे प्रा. माणिकरावांनी वाढवला, ते व्यायाम आणि जमणे या दोन्ही कसोट्यांवर उतरते. १८७९ च्या सयाजी बागेत, म्हणजे लोकांच्या कमाटी बागेत, अख्खी बाग ही एक वस्तू समजण्यापेक्षा बँडस्टँडसारखी ठळक जागा वेगळी सुचवणे शहाणपणाचे. महाराजा सयाजीरावांनी १९१० पासून विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाकडून ग्रंथालयांचे जाळे विणून घेतले. वाचनालय ही माझ्या मते इथली सर्वांत भक्कम शिफारस: दारावर पाटी, आत वर्तमानपत्रांभोवती जमलेली मंडळी. देऊळही नियमात बसते. तरी गुजरातेत हे लक्षात ठेवावे की, खेळात धर्मस्थळांपाशी अंडी दिसल्याने हिंदू व जैनांच्या भावना दुखावतात, अशी जनहित याचिका सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयात आली होती आणि न्यायालयाने नोटिसाही काढल्या होत्या.

मंजुरीनंतरही एक चाळण उरते, आणि दाट वस्तीत ती जास्त बोचते. पोकेमॉन गो पृथ्वीचा पृष्ठभाग नकाशावरच्या चौकोनी घरांत विभागतो. सुमारे सत्तर मीटर बाजूच्या एका लहान घरात एकच थांबा दिसतो. मंजूर झालेला दुसरा त्या खेळात दिसतच नाही, इनग्रेसमध्ये दिसू शकतो. अशा ६४ लहान घरांचे एक मोठे घर होते. त्यात थांब्यांची संख्या दोन झाली की एक जिम, म्हणजे लढतीची जागा, मिळते, सहाला दुसरी, वीसला तिसरी. खेळाडू प्रत्यक्ष एकत्र येतात ते छाप्यांसाठी (‘रेड’ या सामूहिक लढतींसाठी), म्हणजे बहुधा जिमपाशी. रावपुऱ्यासारख्या भागात म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी कुणाचे भित्तिचित्र मंजूर झाले तर त्याच घरातले वाचनालय झाकले जाते. मग टाचणी थोडी सरकवून शेजारच्या घरात नेण्याचा मोह होतो. वाचनालयाचे आवार दोन्ही घरांत पसरले असेल तर टाचणी आवाराच्या त्या बाजूला लावणे रास्त आहे. आवाराबाहेर, रस्त्यापलीकडे नेली तर ती लबाडी ठरते आणि खाते गमावण्यापर्यंत पाळी येऊ शकते.