आराखड्याचा जन्म

१८३६ मध्ये ‘पिकविक पेपर्स’चा पहिला भाग निघाला तेव्हा चार्ल्स डिकन्सपुढे आराखडा असा नव्हताच. चित्रकाराच्या चित्रांना मजकूर पुरवायचे काम त्याने अंगावर घेतले होते. ते वाढत वाढत कादंबरी झाले. पण हप्त्याने लिहिणाऱ्याला एक धाक कायम असतो: छापून गेलेले पान परत घेता येत नाही. पाचव्या भागात मारलेले पात्र पंधराव्या भागात हवेसे वाटले, तरी इलाज नाही. कादंबरीच्या आराखड्याचे मूळ मला या धाकात दिसते.

१८४६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी ‘डॉम्बी अँड सन’ सुरू करताना डिकन्स दर मासिक भागासाठी एक वेगळे टाचण करू लागला. आडवा कागद, मधोमध दुभागलेला. उजवीकडे प्रकरणांची नावे आणि घटना, डावीकडे स्वतःलाच विचारलेले प्रश्न. अमक्याला या भागात आणायचे का? पुढे उत्तर: हो, नाही, आत्ता नको. ३२ पानांत काय मावेल, याचा हिशेबही तिथेच चाललेला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात हे कागद जपलेले आहेत. त्यांत हुकूम कमी आणि विचारपूस जास्त आहे, म्हणून ते मला फार मोलाचे वाटतात.

‘डॉम्बी’चा बेत त्याने आपला मित्र जॉन फॉर्स्टर याला पत्रातून आधीच कळवला होता. वॉल्टर गे हा उमदा मुलगा हळूहळू वाया जाईल, असे त्यात होते. प्रत्यक्षात तो सुखरूप परतला आणि डॉम्बीच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. डॉम्बीची दुसरी बायको एडिथ ही त्याच्या पेढीचा व्यवस्थापक कार्कर याची रखेल होऊन मरणार होती. लॉर्ड जेफ्री या स्नेह्याला ते पटेचना, आणि डिकन्सने तिला जगवले. एवढे फेरफार होऊनही कादंबरी विस्कटली नाही. डॉम्बीचा गर्व आणि त्याने झिडकारलेली मुलगी, हे सूत्र मात्र पहिल्या पत्रापासून ढळले नव्हते.

आपल्याकडे हरिभाऊ आपटे १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात हप्त्याने लिहीत होते. त्यांच्या पाल्हाळाला नावे ठेवण्याआधी दर आठवड्याचा हा तगादा लक्षात घ्यायला हवा.

फ्रान्समध्ये एमिल झोलाने टाचणाचे दप्तर केले. १८६९ मध्ये त्याने प्रकाशकापुढे एका कुटुंबावरच्या दहा कादंबऱ्यांचा बेत ठेवला. १८९३ पर्यंत त्या वीस झाल्या. प्रत्येकीचे वेगळे दप्तर: पात्रांची माहिती, ठिकाणांच्या नोंदी, प्रकरणवार आराखडे. ‘जर्मिनाल’साठी १८८४ च्या फेब्रुवारीत तो आँझँच्या कोळसाखाणीत उतरला. तिथे तेव्हा संप चालू होता. दप्तरातला कच्चा खर्डा म्हणजे झोलाचे स्वतःशीच चाललेले मोठ्याने बोलणे. एक शक्यता मांडायची, मोडायची, दुसरी धरायची. इतका काटेकोर लेखकसुद्धा कागदावर चाचपडतच वाट काढतो.

मालिकेतल्या शेवटच्या कादंबरीतला डॉक्टर पास्काल आपल्याच घराण्याची अशी दप्तरे जन्मभर लिहीत असतो. तो गेल्यावर त्याची आई ती जाळून टाकते. वंशवृक्ष तेवढा वाचतो. झोलाची स्वतःची दप्तरे मात्र त्याच्या पत्नीने पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिली.