थेट म्हणजे किती थेट? मुंबईतील एका ध्वनिमुद्रणाची चिकित्सा

१/१२
१ फेब्रुवारी २००८. मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलाचे मैदान. 'आयर्न मेडन' या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या जगदौऱ्याची ही पहिलीच मैफल. गिटार कडाडण्यापूर्वी ध्वनिक्षेपकांतून एका वयस्क इंग्रज राजकारण्याचा आवाज उमटतो. तो आवाज आहे विन्स्टन चर्चिल यांचा. त्यापाठोपाठ 'एसेस हाय' हे गाणे सुरू होते.

२/१२
हे गाणे मे २००९ मध्ये प्रकाशित झालेल्या 'फ्लाइट ६६६' या थेट मैफलींच्या अल्बमवर ऐकता येते. अल्बमची सुरुवातच मुंबईपासून होते. इतिहासाच्या अभ्यासकासाठी ही काही मिनिटे म्हणजे उत्तम धडा आहे. ऐकताना सारे एकाच संध्याकाळचे भासते. प्रत्यक्षात त्यात अनेक काळ एकावर एक रचलेले आहेत.

३/१२
आधी दौऱ्याविषयी. स्टीव्ह हॅरिस यांनी १९७५ मध्ये पूर्व लंडनमध्ये हा बँड स्थापन केला. २००८ च्या दौऱ्यासाठी बोइंग ७५७ विमानाची अंतर्रचना बदलून त्यातून कलावंत, कर्मचारी आणि सुमारे १२ टन साहित्य नेण्यात आले. विमान चालवत होते बँडचे गायक आणि व्यावसायिक वैमानिक ब्रूस डिकिन्सन. पहिल्या टप्प्यात ४५ दिवसांत २३ मैफली झाल्या. सॅम डन आणि स्कॉट मॅकफॅडियन यांनी त्या प्रवासावर माहितीपट केला. अल्बम हे त्याचेच ध्वनिरूप.

४/१२
पहिला थर संकलनाचा. अल्बमवर १६ गाणी आहेत आणि ती १६ वेगवेगळ्या शहरांत मुद्रित झाली आहेत. क्रम मैफलीचा आहे, प्रवासाचा नाही. त्यामुळे न्यू जर्सीतील १४ मार्चच्या गाण्यामागून कोस्टा रिकातील २६ फेब्रुवारीचे गाणे येते. एका अखंड मैफलीचा अनुभव देणारी ही मैफल जगात कोठेही, कोणत्याही एका रात्री झालेली नाही.

५/१२
यात फसवणूक नाही. शहरांची नावे अल्बमवरच दिलेली आहेत. मात्र 'थेट' हा शब्द प्रत्येक वेळी तपासावा लागतो. 'जुडास प्रीस्ट' या बँडचा १९७९ चा 'अनलीश्ड इन द ईस्ट' हा अल्बम जपानमधील मैफलींचा म्हणून गाजला. त्यातील गायन पुढे स्टुडिओत पुन्हा मुद्रित केल्याचे गायक रॉब हॅलफर्ड यांनी नंतर मान्य केले. साधन खोटे नसते तेव्हाही त्याची घडण समजून घ्यावी लागते.

६/१२
दुसरा थर चर्चिल यांच्या आवाजाचा. हे भाषण ४ जून १९४० रोजी ब्रिटिश संसदेत झाले; डंकर्कहून सैन्य नुकतेच माघारी आले होते. त्या काळी संसदेतील भाषणे मुद्रित होत नसत. आज जगभर ऐकू येणारा आवाज चर्चिल यांनी १९४९ मध्ये आपल्या घरी, जुने भाषण पुन्हा वाचून, मुद्रित केलेला आहे. म्हणजे १९४० चा म्हणून ओळखला जाणारा आवाज युद्ध जिंकून चार वर्षे झालेल्या माणसाचा आहे.

७/१२
तिसरा थर १९८४ चा. हॅरिस यांनी लिहिलेले 'एसेस हाय' त्या वर्षीच्या 'पॉवरस्लेव्ह' अल्बममधील पहिले गाणे. त्यानंतरच्या दौऱ्यात चर्चिल यांचे भाषण गाण्यापूर्वी वाजवण्याची प्रथा पडली. १९८५ च्या 'लाइव्ह आफ्टर डेथ' या अल्बमवर ती ऐकू येते. २००८ चा दौरा त्याच कालखंडाची जाणीवपूर्वक केलेली आठवण होता. मुंबईत घडला तो त्या जुन्या प्रयोगाचा नवा प्रयोग.

८/१२
गाण्याचा विषय आहे 'ब्रिटनची लढाई', म्हणजेच जुलै ते ऑक्टोबर १९४० मधील हवाई युद्ध. ब्रिटनच्या बाजूने सुमारे ३ हजार हवाई योद्धे लढले. त्यांतील ५४४ त्या काळात मृत्युमुखी पडले. यात स्पिटफायर विमाने उडवणारे १५२ क्रमांकाचे पथक होते. त्याचे नाव 'हैदराबाद'. निजामाच्या देणगीवरून ते ठेवले गेले. पथकाच्या चिन्हावर निजामाचे शिरोभूषण होते आणि ब्रीद होते 'विश्वासू मित्र'.

९/१२
येथे ही कथा महाराष्ट्राच्या भूमीवर उतरते. टेंभुर्णी ज्या सोलापूर जिल्ह्यात आहे, तो तेव्हा ब्रिटिश मुंबई प्रांतात होता. त्याला लागून असलेले परांडा आणि तुळजापूर मात्र निजामाच्या राज्यात होते. मराठवाड्यातील शेतसारा हैदराबादच्याच तिजोरीत जमा होत असे. लंडनच्या आकाशातील युद्ध आणि परांड्याचे शिवार यांच्यातील अंतर नकाशावर दिसते तेवढे नव्हते.

१०/१२
त्याच चर्चिल यांचा दुसरा चेहराही सोलापूरला अनोळखी नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. पुढच्याच महिन्यात चर्चिल यांनी गांधीजींची 'अर्धनग्न फकीर' म्हणून संभावना केली. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरून 'छोडो भारत'ची हाक गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, साम्राज्य मोडीत काढण्यासाठी आपण पंतप्रधान झालो नाही, असे चर्चिल यांनी बजावले.

११/१२
मग २००८ मध्ये मुंबईकर श्रोत्यांनी त्या आवाजाचे स्वागत केले, हा इतिहासाचा विसर मानायचा का? एवढा निष्कर्ष हे ध्वनिमुद्रण पेलू शकत नाही. गाणे साम्राज्याचे नाही. ते मृत्यूशी गाठ पडलेल्या वैमानिकाचे आहे. श्रोत्यांचा जल्लोष पुढच्या गिटारसाठी होता की भाषणासाठी, हे गर्जनेवरून ओळखता येत नाही. गर्जना ऐकू येते. तिचा हेतू मुद्रित होत नाही.

१२/१२
साधनाची चिकित्सा म्हणजे साधन नाकारणे नव्हे. १९४० चे शब्द, १९४९ चा आवाज, १९८४ चे गाणे, २००८ चे मैदान आणि २००९ चे संकलन, असे पाच थर वेगळे केल्यावरही एक गोष्ट शिल्लक उरते. ज्या शहराने चर्चिल यांच्या साम्राज्याला चालते व्हायला सांगितले, त्याच शहरातील श्रोत्यांनी ६६ वर्षांनी त्यांचा आवाज तिकीट काढून ऐकला आणि गाणे सुरू होताच त्याच्यावर आपला आवाज चढवला. अल्बमवर दोन्ही आवाज आहेत.